कवडशामागून जाणारा बाँब

बुद्धिबळाच्या पटावर एखादा हत्ती मारला गेला, म्हणजे तो उचलून कडेला ठेवतात आणि डाव पुढें चालू होतो. त्या हत्तीवर कोण बसलें होतें, तो कोणत्या गांवाहून आला होता, हें कोणी विचारीत नाहीं. विचारूं लागलें तर डावच होणार नाहीं. युद्धाचा खेळ करावयाचा तर युद्धांतील पुष्कळ गोष्टी गाळाव्या लागतात, ही गोष्ट बुद्धिबळाइतकीच जुनी आहे. परंतु संगणकाच्या युगांत असे कांहीं खेळ निघाले आहेत, कीं ज्यांत शक्य तितकें कमी गाळावें असाच कर्त्यांचा आग्रह असतो. अशा खेळांत विमानांतून लेसरच्या साह्यानें बाँब कसा टाकतात, त्यासाठीं खेळणाऱ्याला काय शिकावें लागतें, आणि इतकें शिकूनहि काय शिकावयाचें राहून जातें, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

या जातीच्या खेळांत ‘डिजिटल कॉम्बॅट सिम्युलेटर’ या खेळाचें नांव प्रामुख्यानें घेतलें जातें. तो तयार करणाऱ्या ‘ईगल डायनॅमिक्स’ या कंपनीचा आरंभ १९९१ सालीं मॉस्को येथें झाला. २०११ सालीं तिनें ‘ए-१० सी’ या अमेरिकन लढाऊ विमानाची संगणकावरील प्रतिकृति प्रसिद्ध केली. या प्रतिकृतीचें मूळ एका शिक्षणसाधनांत होतें. अमेरिकेच्या एअर नॅशनल गार्डमधील वैमानिकांच्या सरावासाठीं कंपनीनें जें साधन करून दिलें होतें, त्यांतूनच हा घरगुती खेळ निघाला. त्यामुळें त्यांत क्रीडांगणापेक्षां शाळेचाच भाग अधिक आहे. बरोबर मिळणारी मार्गदर्शिका सहाशेंहून अधिक पृष्ठांची आहे. नुसतीं एंजिनें सुरू करावयाचीं तरी बॅटरीपासून इंधनाच्या पंपापर्यंत अनेक कळा ठराविक क्रमानें दाबाव्या लागतात. एक कळ दाबली कीं स्फोट, अशा खेळांची ज्याला संवय आहे, तो मुलगा पहिल्या संध्याकाळीं येथें जमिनीवरून उठतच नाहीं. पुढें सरावानें तो उठूं लागतो, आणि मग पडद्यावर काळ्या समुद्राचा पूर्व किनारा, बातुमी आणि कुताइसी हीं जॉर्जियांतील शहरें, व त्यांच्या उत्तरेस कॉकेशस पर्वताच्या हिमाच्छादित रांगा उलगडत जातात.

या साऱ्या खटाटोपाचें प्रयोजन ध्यानांत येण्यास आधीं साध्या बाँबची अडचण समजून घेतली पाहिजे. समजा, एक विमान जमिनीपासून ४,५०० मीटर उंचीवरून सेकंदाला १५० मीटर या वेगानें चाललें आहे. त्यांतून सुटलेला बाँब सरळ खालीं पडत नाहीं. विमानाचा वेग त्याच्या अंगीं असतोच. म्हणून तो खालीं येतां येतां पुढेंहि जात राहतो. हवेचा अडथळा क्षणभर बाजूस ठेवला, तर त्याला जमिनीवर पोहोंचण्यास सुमारें ३० सेकंद लागतात, आणि तेवढ्या अवधींत तो साडेचार किलोमीटर पुढें गेलेला असतो. म्हणजे ज्या पुलावर बाँब पडावयाचा, तो पूल साडेचार किलोमीटर दूर असतांनाच वैमानिकानें बाँब सोडला पाहिजे. वेगाच्या मोजणींत सेकंदाला एका मीटरची चूक झाली, तर बाँब ३० मीटर अलीकडे किंवा पलीकडे पडणार. त्यांत पुन्हां निरनिराळ्या उंचींवरचे वाऱ्याचे निरनिराळे प्रवाह आहेतच.

ही अडचण केवढी मोठी होती, हें व्हिएतनाममधील थान्ह होआ येथील पुलानें दाखवून दिलें. मा नदीवरील हा पूल पाडण्यासाठीं अमेरिकन विमानांनीं १९६५ पासून शेंकडों उड्डाणें केलीं, कित्येक विमानें गमावलीं, तरी पूल उभाच राहिला. इकडे १९६० सालीं पहिला लेसर सिद्ध झाला होता. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनींत वेल्डन वर्ड या अभियंत्याच्या नेतृत्वाखालीं ‘पेव्हवे’ नांवाची योजना आकारास आली, आणि १९६८ सालीं व्हिएतनामांतच तिचा प्रत्यक्ष युद्धांत प्रयोग झाला. सन १९७२ च्या एप्रिलच्या २७ तारखेस हे नवे बाँब घेऊन विमानें थान्ह होआवर गेलीं. परंतु वाटेंत ढग आडवे आले. लेसरचे बाँब टाकतांच आले नाहींत. दूरचित्रवाणीच्या साह्यानें चालणारे दुसरे बाँब टाकावे लागले. त्यांनीं पुलावरील वाहतूक बंद पडली, पण पूल पडला नाहीं. पुढें मे महिन्याच्या १३ तारखेस आकाश मोकळें मिळालें, तेव्हां लेसरच्या बाँबांनीं पुलाचा पश्चिमेकडील भाग त्याच्या आधारावरून उखडून टाकला. लेसरच्या बाँबचें सामर्थ्य आणि ढगापुढील त्याची हतबलता, हीं दोन्ही एकाच पुलावर पंधरवड्याच्या अंतरानें दिसून आलीं.

या बाँबची रचना कल्पनेस वाटते त्याहून साधी आहे. विमानाला टांगलेल्या एका नळकांड्यांत दुर्बीण आणि लेसर हीं शेजारीं शेजारीं बसविलेलीं असतात. वैमानिक दुर्बिणींतून लक्ष्य पाहतो, आणि त्याच रोखानें लेसरचा किरण सोडतो. हा किरण मनुष्याच्या डोळ्यांस दिसत नाहीं. लक्ष्यावर त्याचा बारीक कवडसा पडतो, आणि तेथून तो प्रकाश सर्व दिशांना विखुरतो. बाँबच्या नाकावर एक डोळा असतो, व त्या डोळ्याचे चार भाग केलेले असतात. चारी भागांवर प्रकाश सारखा पडत असेल, तर बाँब नीट कवडशाकडे चालला आहे असें समजावें. एका भागावर प्रकाश अधिक पडला, तर नाकाजवळचे लहान पंख वळतात आणि बाँबचें तोंड त्या बाजूस फिरवितात. या बाँबला स्वतःचें एंजिन नाहीं. तो पडतच असतो. पडतां पडतां आपली वाट थोडीफार सुधारून घेतो, इतकेंच.

एका रणांगणावर अनेक विमानें अनेक किरण सोडीत असतील, तर कोणता कवडसा कोणाचा, हें बाँबला कसें कळावें? त्यासाठीं खूण ठरविलेली असते. किरण अखंड नसून त्याचे ठोके ठराविक लयीनें पडत असतात, आणि त्या लयीला चार आंकड्यांची एक संख्या दिलेली असते. ए-१० सी च्या खेळांत पहिल्यानें लावलेली संख्या १६८८ असते. बाँबवर १६८८ लावले आणि किरण दुसऱ्याच संख्येवर सोडला, तर तो कवडसा डोळ्यांसमोर असूनहि बाँबच्या लेखीं नसल्यासारखाच होय.

वर्तमानपत्रांनीं या अस्त्रास ‘बुद्धिमान बाँब’ असें नांव दिलें आहे. तें यथार्थ नाहीं. पूर्वीं रात्रीच्या वेळीं पालखीपुढें दिवट्या चालत असे, आणि भोई त्याच्या उजेडामागून पालखी नेत. दिवट्या ज्या दारीं थांबेल, तें दार कोणाचें हें भोयांनीं विचारावयाचें नसे. लेसरचा बाँब हा असा भोई आहे. तो शहाणा नाहीं, आज्ञाधारक आहे. पूर्वीं बाँब टाकणाऱ्याचें कौशल्य सोडण्याच्या क्षणांत होतें. आतां तें कवडसा धरून ठेवण्यांत आलें आहे. नेम हातांतून निघून डोळ्यांत गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

खेळांत हें सर्व कसें घडतें तें पाहण्यासारखें आहे. जमिनीवर आघाडीच्या सैनिकांबरोबर एक मार्गदर्शक असतो. तो रेडिओवरून वैमानिकास नऊ ओळींचा निरोप देतो. अमेरिका व तिचे मित्र यांच्या सैन्यांतील ही खरीच पद्धति असून खेळानें ती जशीच्या तशी उचलली आहे. कोठून निघावयाचें, कोणत्या दिशेनें आणि किती अंतर जावयाचें, लक्ष्य समुद्रसपाटीपासून किती उंच आहे, तें काय आहे, कोठें आहे, त्यावर खूण कशाची केली आहे, स्वपक्षाचे सैनिक कोठें आहेत, आणि काम झाल्यावर कोणत्या दिशेस वळावयाचें, या क्रमानें त्या ओळी येतात. खेळणाऱ्यानें तो निरोप लिहून घ्यावयाचा, त्यांतील महत्त्वाचे आंकडे परत म्हणून दाखवावयाचे, दुर्बीण त्या जागेवर आणावयाची, आणि तेथें खरोखरच सांगितलेली वस्तु आहे कीं नाहीं हें पाहावयाचें. मग शस्त्राची कळ मोकळी करावयाची, लेसरची कळ वेगळी मोकळी करावयाची, संख्या जुळवावयाची, आणि पडद्यावरील रेषेच्या रोखानें विमान सरळ नेऊन बाँब सोडण्याची कळ दाबून धरावयाची. योग्य क्षण संगणक ठरवितो, आणि बाँब सुटतो.

नवशिक्या येथें सुटकेचा श्वास टाकतो, आणि तेथेंच चुकतो. कारण खरें काम पुढच्या तीस सेकंदांचें असतें. बाँब सोडल्यावर विमान तीव्रपणें वळविलें, तर विमानाचाच पंख किंवा पोट दुर्बिणीच्या आड येतें. दुर्बीण आंधळी होते आणि कवडसा विझतो. लेसरची कळ मोकळी करावयाचीच राहिली, तर बाँब आकाशांतून आज्ञेची वाट पाहत येतो आणि तसाच कोठेंतरी पडतो. ढगाचा एखादा तुकडा मध्यें आला, किंवा पहिल्या स्फोटाची धूळ लक्ष्यावर पसरली, तरीहि तेंच. उतावीळपणाची शिक्षा तर याहून विलक्षण आहे. या जातीच्या बाँबचे पंख एक तर पुरते वळतात, नाहीं तर मोकळे राहतात. त्यांस मधली स्थिति ठाऊक नसते. त्यामुळें किरण फार आधीं सोडला, तर बाँब सारखा वळत, सांवरत, आपला वेग खर्चीत येतो आणि लक्ष्याच्या अलीकडेच पडतो. म्हणून जाणते वैमानिक पडण्याच्या अवधींतील अखेरच्या आठदहा सेकंदांतच किरण सोडतात. ए-१० सी च्या खेळांत हा अवधि आधीं ठरवून ठेवण्याची सोय आहे. धीर धरणें हें येथें सद्गुण म्हणून शिकविलें जात नाहीं. तें भौतिकशास्त्राचें मागणें म्हणून शिकावें लागतें.

कांहीं विमानांस स्वतःचा किरणच नसतो. याच खेळासाठीं तयार झालेलें ‘मिराज २००० सी’ हें फ्रेंच विमान लेसरचे बाँब नेऊं शकतें, पण कवडसा पाडूं शकत नाहीं. अशा वेळीं एकानें बाँब सोडावयाचा आणि दुसऱ्यानें, विमानांतून किंवा जमिनीवरून, कवडसा धरावयाचा. निरनिराळ्या देशांतील दोन अपरिचित खेळाडू एकमेकांचा आवाज ऐकत हें करतात, तेव्हां ‘सोडला’, ‘किरण लावा’, ‘लावला’ एवढ्या मोजक्या शब्दांवर सारें अवलंबून असतें. बाँब एकाच्या विमानांतून निघतो आणि दुसऱ्याच्या डोळ्याप्रमाणें चालतो.

मिराजचें नांव भारतीय श्रोत्यांस अपरिचित नाहीं. १९९९ सालच्या कारगिलच्या युद्धांत, जून महिन्याच्या २४ तारखेस, भारतीय वायुसेनेच्या मिराज २००० विमानांनीं द्रासजवळील टायगर हिल या शिखरावर लेसरचे बाँब टाकून शत्रूचें ठाणें उद्ध्वस्त केलें. तें शिखर सुमारें ५,००० मीटर उंच; तेथील हवा विरळ, आणि विरळ हवेंत अस्त्रांची नेहमींचीं गणितें चुकतात. तरीहि त्या ठिकाणीं एक प्रश्न सुटलेला होता. शिखरावर नागरी वस्ती नव्हती. तंबू कोणाचे आणि त्यांत कोण, याविषयीं संशय नव्हता. वैमानिकाला झगडावयाचें होतें तें उंचीशीं, वाऱ्याशीं आणि ढगांशीं. आणि हा झगडा खेळांत बऱ्याच अंशीं उतरवितां येतो.

वस्तीवर मात्र प्रश्नाचें रूप पालटतें. दुर्बिणींतून दिसणारें चित्र पुष्कळदां उष्णतेचें असतें. त्यांत रंग नसतात. तापलेली वस्तु उजळ आणि थंड वस्तु काळसर दिसते. चालू एंजिनाची मोटार म्हणजे एक पांढरा ठोकळा. तिच्यांत दारूगोळा आहे कीं भाजी आहे, हें तो ठोकळा सांगत नाहीं. छपराखालीं काय आहे, हें तर कवडशास मुळींच कळत नाहीं.

याचें भयंकर प्रत्यंतर बगदाद येथें आलें. आखाती युद्धांत, सन १९९१ च्या फेब्रुवारीच्या १३ तारखेस, पहांट होण्यापूर्वीं अमेरिकन विमानांनीं अमीरिया या भागांतील एका काँक्रीटच्या इमारतीवर लेसरचे दोन बाँब टाकले. इराकी सैन्याचें तें नियंत्रणकेंद्र आहे, असा हल्ला करणाऱ्यांचा समज होता. प्रत्यक्षांत तेथें हवाई हल्ल्यांपासून बचाव व्हावा म्हणून आसपासचीं कुटुंबें रात्रीं निजावयास येत असत. पहिल्या बाँबनें छप्पर फोडलें आणि दुसरा आंत जाऊन फुटला. चारशेंहून अधिक माणसें मृत्यु पावलीं. त्यांत स्त्रिया आणि मुलें बहुसंख्य होतीं. या प्रसंगीं यंत्राची कसलीहि चूक झाली नव्हती. किरण नीट लागला होता, संख्या जुळली होती, ढग आडवा आला नव्हता. बाँबनें आज्ञा तंतोतंत पाळली. दिवट्या चुकीच्या दारीं थांबला होता.

नेम अचूक असणें आणि माहिती अचूक असणें, या दोन गोष्टी भिन्न आहेत, हें सत्य या विषयाच्या मुळाशीं आहे. पहिली गोष्ट यंत्रानें साधते आणि अभ्यासानें अंगवळणी पडते. दुसरीला हेर, जमिनीवरचा साक्षीदार, शंका घेणारा अधिकारी, आणि शंका असल्यास हात आंवरण्याची परवानगी, हें सारें लागतें. अचूक नेमाचा एक धोका असाहि आहे, कीं त्याच्यामुळें माहितीहि अचूकच असली पाहिजे असा भास होतो.

खेळाकडे पुन्हां वळतां हा भेद अधिकच स्पष्ट होतो. खेळाची मोहीम रचणाऱ्यानें पडद्यावरील मोटारीस ‘शत्रु’ ठरविलेलें असतें, आणि खेळापुरतें तें सत्य कधीं खोटें ठरत नाहीं. रस्त्यांवर नागरी मोटारी धांवतांना दिसाव्या, अशी सोय या खेळांत आहे. पण त्या मोटारींत कोणी कोणाला भेटावयास निघालेलें नसतें. मोहीम संपल्यावर एक यादी पुढें येते: अमुक वाजतां अस्त्र सोडलें, अमुक वाजतां लागलें, अमुक वस्तु नष्ट झाली. त्या यादींत अंत्यसंस्काराची ओळ नाहीं. नऊ ओळींच्या निरोपाची आठवी ओळ स्वपक्षाचे सैनिक कोठें आहेत हें सांगते, आणि खेळणारा ती काळजीपूर्वक लिहून घेतो. कोणत्याच पक्षाचे नसलेले लोक कोठें आहेत, याला त्या नऊ ओळींत स्वतंत्र जागा नाहीं. खऱ्या युद्धांत तसे निर्बंध निरोपाच्या शेवटीं जोडून द्यावे लागतात.

यावरून असे खेळ त्याज्य आहेत असें अनुमान काढणें घाईचें होईल. ही उणीव ओळखून ती भरून काढण्याचा यत्न करणारेहि आहेत. ‘आर्मा ३’ या नांवाचा युद्धाचा खेळ चेक देशांतील बोहेमिया इंटरॅक्टिव्ह या कंपनीनें २०१३ सालीं काढला. २०१७ सालीं तिनें त्याला ‘लॉज ऑफ वॉर’, म्हणजे युद्धाचे निर्बंध, या नांवाची पुरवणी जोडली, आणि त्या कामीं रेडक्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीचें साह्य घेतलें. या पुरवणींत खेळणारा मुख्यतः सैनिक नसतो. युद्ध सरल्यावर एका उजाड गांवांत न फुटलेले सुरुंग आणि बाँब शोधून निकामी करणारा तो एक कामगार असतो, आणि त्या गांवावर काय काय गुदरलें हें त्याला अवशेषांवरून एकेक करून कळत जातें. पुरवणीच्या प्राप्तीचा कांहीं भाग कंपनीनें रेडक्रॉसच्या समितीस दिला. वरून पाहणाऱ्याला एकदां खालीं उतरवून आणण्याची ही युक्ति साधी आहे, पण तिनें पटाच्या कडेला ठेवलेल्या सोंगट्यांकडे लक्ष जातें.

घरोघरीं अशा पडद्यांसमोर बसणारीं मुलें आहेत, आणि दाराशीं उभे राहून चिंतेनें पाहणारे आईबापहि आहेत. त्यांस एवढें सांगतां येईल, कीं जो मुलगा सहाशें पृष्ठें वाचून, निरोप लिहून घेऊन, तीस सेकंद हात स्थिर ठेवावयास शिकला, त्यानें वेळ सर्वस्वीं फुकट दवडला असें नाहीं. पडण्याचें गणित, प्रकाशाचा गुण, यंत्राची शिस्त आणि सहकाऱ्याचा शब्द, या गोष्टी त्याच्या पदरीं पडल्या आहेत. खेळ त्याच्यासाठीं जें करूं शकत नाहीं, तेवढें मात्र घरांतील वडील माणसांनीं करावें. मोहीम आटोपून तो जेवावयास पानावर आला, म्हणजे “किती पाडलेस?” असें त्याला विचारूं नये. “तें काय होतें, हें तूं कशावरून ओळखलेंस?” असें विचारावें, आणि त्याचें उत्तर पुरतें ऐकून घ्यावें.